गुळवेलीच्या परीक्षेचं भय कुणाला?

गुळवेल घेतल्यावर काही जणांच्या यकृताला इजा झाली, हे मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली मांडलं, तेव्हापासून एक ठरीव उत्तर सगळीकडे ऐकू येतं. ही वनस्पती आपण हजारो वर्षं वापरतो आहोत. ती निसर्गाची आहे, तिनं अपाय होणार नाही. परदेशी शास्त्राच्या कसोट्या आमच्या औषधांना लावायच्या कशाला? आणि जे लावतात ते औषध कंपन्यांची तळी उचलतात. हे बोलणाऱ्यांत भाबडी माणसं आहेत, तसे पदवीधर वैद्यही आहेत आणि मंत्रालयात बसून पत्रकं काढणारेही. या उत्तरातला एकही भाग टिकत नाही असं माझं मत आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, या उत्तरानं वनौषधींचं जेवढं नुकसान चाललं आहे तेवढं कुठल्याही टीकाकारानं केलेलं नाही.

आधी काय घडलं ते नीट सांगतो, कारण वादात तेच हरवलं आहे. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईत सहा रुग्ण यकृताला सूज येऊन डॉक्टरांकडे आले. करोनाच्या धास्तीनं, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून, सहाही जण गुळवेल घेत होते. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या आणि २०२२ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. कार्यकारणाचा संबंध ठरवण्याची जी प्रमाणित गुणपद्धत आहे, ती लावल्यावर सुमारे दोनतृतीयांश रुग्णांत गुळवेलीचा संबंध ‘बहुधा आहे’ या वर्गात बसला. त्या डॉक्टरांनी ‘बहुधा’ म्हटलं, ‘नक्की’ म्हटलं नाही. बऱ्याच रुग्णांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या, ज्याला ऑटोइम्यून म्हणतात. गुळवेल विष आहे, तिच्यावर बंदी घाला, असं त्यांनी कुठे लिहिलेलं नाही. अशा वनस्पतींची सुरक्षितता आणि उपयोग दोन्ही नीट तपासा, एवढीच त्यांची मागणी होती.

आयुष मंत्रालयानं जुलै २०२१ मध्ये या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. त्यातला मुख्य मुद्दा बिनबुडाचा नव्हता, म्हणून आधी तोच घेतो. मंत्रालयाचं म्हणणं असं की रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया होती का, हे आधी पाहायला हवं होतं. तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल आहे आणि ती यकृताला बाधते हे आधीपासून माहीत आहे. आक्षेप शास्त्रीय आहे. दोन वेलींची गफलत होऊ शकते, हेही खरं.

पण हा आक्षेप नेमका कुणावर उलटतो? ओळखण्यात चूक होऊ शकते हे मंत्रालयालाच मान्य असेल, तर ज्या काळात घरोघर गुळवेल घ्या असा सल्ला दिला जात होता, तेव्हा कुंपणावरची वेल तोडून काढा करणाऱ्याला ही चूक टाळण्याचा कुठला मार्ग दिला होता? बाजारातल्या रसाच्या बाटल्यांचे नमुने उचलून, त्यांची डीएनए तपासणी करून, कुठल्या बाटलीत कुठली वेल आहे हे लोकांसमोर ठेवणं हे त्या आक्षेपाचं पुढचं पाऊल होतं. आक्षेप घेणाऱ्यानं तिथवर जायला हवं होतं. त्याऐवजी फेब्रुवारी २०२२ मध्ये गुळवेल सुरक्षित असल्याचं पुन्हा एक पत्रक आलं. रोग्यानं कुठली वेल खाल्ली याबद्दल शंका घ्यायची आणि त्याच वेळी ती वेल सगळ्यांना सुरक्षित म्हणायची, या दोन गोष्टी एका तोंडानं बोलता येत नाहीत.

लाखो लोकांनी गुळवेल घेतली, त्यात ४३ आजारी पडले, मग बिघडलं काय, असाही एक युक्तिवाद आहे. लाखांचा आकडा कुणी मोजलेला नाही आणि ४३ हे फक्त त्या १३ केंद्रांपर्यंत पोचलेले रुग्ण आहेत. पण धोका खरोखरच विरळा आहे असं धरून चालू. तरी एक फरक राहतो. कर्करोगाचा रोगी धोक्याचं औषध घेतो, कारण न घेण्याचा धोका त्याहून मोठा असतो. इथे धडधाकट माणूस काही होऊ नये म्हणून औषध घेतो आहे आणि त्या औषधानं करोना टळतो हे कुणी दाखवलेलं नाही. अशा माणसाच्या बाबतीत कसोटी जास्त कडक हवी.

आता ‘निसर्गाचं आहे, अपाय नाही’ या वाक्याकडे येतो. हे वाक्य आपल्या परंपरेचं नाही. आपल्याकडे बिब्बा उततो हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. बचनाग शोधल्याशिवाय कुठला वैद्य वापरत नाही. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सांगितलं आहे की युक्तीनं वापरलं तर जहाल विषही औषध होतं आणि चुकीचं वापरलं तर औषधच विष होतं. आपल्या औषध कायद्यातही अनुसूची ई(१) मध्ये बिब्बा, बचनाग, धोतरा, कण्हेर, गुंज अशा द्रव्यांची यादी आहे आणि ती असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. वनस्पती निर्धोकच असतात ही समजूत जाहिरातींनी रुजवली, आणि ती ग्रंथांच्या नावावर खपवली जाते. गुडूची, म्हणजे गुळवेल, चरकानं रसायन म्हणूनही सांगितली आहे, हे मी विसरत नाही. पण रसायनाआधी शोधन सांगितलं आहे, माणूस पाहून ठरवायला सांगितलं आहे. थायरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्या, ऑटोइम्यून आजार अंगात दडलेल्या माणसानं कुणालाही न विचारता रोज सकाळी रसाचा पेला घ्यावा, असं त्यात कुठेही नाही.

आणि इथेच या वादातला सगळ्यात मोठा विसंवाद आहे. गुळवेल प्रतिकारशक्तीवर परिणाम करते हा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे, आणि त्याला आधारही आहे. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. शारदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा भक्षक पेशींवर होणारा परिणाम दाखवला. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली तिच्या कांडातून प्रतिकारयंत्रणेला चेतवणारी एक बहुशर्करा वेगळी केली. ठीक. पण जी वनस्पती प्रतिकारयंत्रणेला चेतवते, ती ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःवर उलटण्याच्या बेतात आहे त्यालाही चेतवणार नाही, असं कशावरून? विषाणूशी झुंजण्याइतकी जोरकस आणि कुणालाच न बाधण्याइतकी सौम्य, अशी दोन्ही रूपं एकाच वेलीला देता येत नाहीत. तिचा गुण खरा मानायचा तर तिच्या अपायाची शक्यताही खरी मानावी लागते. गुळवेलीवर ज्याची खरी श्रद्धा आहे त्यानं तर मुंबईच्या त्या सहा रुग्णांच्या नोंदी सगळ्यात आधी आणि सगळ्यात बारकाईनं वाचायला हव्या होत्या.

हे सगळं डॉक्टरांचं कारस्थान आहे म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातला एक अभ्यास सांगतो. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिवातावर आयुर्वेदिक औषधांची एक मोठी चाचणी केली. ती २०१३ साली ‘ऱ्हुमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात आली. ४४० रुग्ण होते. सुंठ, गुळवेल, आवळा यांच्या अर्कांचं एक मिश्रण आणि त्यात शल्लकी घातलेलं दुसरं, अशी दोन आयुर्वेदिक औषधं एका बाजूला, तर ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब ही प्रचलित औषधं दुसऱ्या बाजूला. कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. चोवीस आठवड्यांनी निष्कर्ष आला की दुखणं कमी करण्यात आयुर्वेदिक औषधं प्रचलित औषधांच्या तोडीची ठरली. ही फार मोठी गोष्ट आहे. ज्यांना वनौषधींचा अभिमान आहे त्यांनी हा अभ्यास पाठ करायला हवा. पण त्याच निबंधात आणखी एक नोंद आहे. आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही रुग्णांचं एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास होतो तेव्हा रक्तात वाढणारं द्रव्य, वाढलं. त्यांना काही त्रास जाणवत नव्हता, यकृताचं बाकी काम ठीक होतं, आणि औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झालं. मिश्रणांत तीनचार वनस्पती होत्या, त्यामुळे बोट एकट्या गुळवेलीकडे दाखवता येत नाही. चोप्रांनीही ते दाखवलं नाही. त्यांनी आढळलं ते लिहिलं.

म्हणजे करोनाच्या सातेक वर्षं आधी, आयुर्वेदाबद्दल आस्था असलेल्या, भारतातच काम करणाऱ्या संशोधकांनी, आयुर्वेदाच्या बाजूनं निष्कर्ष देणाऱ्या निबंधात हा इशारा छापला होता. तो कुणी वाचला असता तर २०२० मध्ये गुळवेलीचा सल्ला देताना दोन ओळी जास्त लिहिता आल्या असत्या: आधी यकृताचा किंवा ऑटोइम्यून आजार असेल तर घेऊ नका, महिनोन्महिने घेऊ नका. त्या लिहिल्या गेल्या नाहीत याचा मला राग आहे, आणि तो लपवण्याचं कारण दिसत नाही.

‘परदेशी कसोटी’ हा शब्दप्रयोग तर मला सर्वांत जास्त खुपतो. सर्पगंधेची कथा मुंबईची आहे. वेड आणि सर्पदंश यांवर ती आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. १९३१ मध्ये कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब उतरवते असं लिहिलं. त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दिकींनी दिल्लीत तिच्यातली अल्कलॉइड वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन म्हटलं. पण जगानं तिची दखल घेतली ती मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन, प्रत्येकाचा रक्तदाब आधी आणि नंतर मोजून त्यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं रिसर्पिन हाती लागलं आणि उच्च रक्तदाबाच्या उपचाराचं एक नवं पर्व सुरू झालं. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे रिसर्पिन जास्त मात्रेत मनावर मळभ आणतं असं दिसलं, मात्रा उतरवावी लागली, आणि अधिक चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. गुण आणि दोष दोन्ही त्याच मोजणीतून कळले. ही मोजणी मुंबईच्या माणसानं, मुंबईच्या रुग्णांवर, भारतीय वनस्पतीची केली. तिला परदेशी म्हणणं हा वकिलांचा अपमान आहे.

आणि डहाणूकरांचं काय? मराठी वाचक त्यांना ‘फुलवा’च्या लेखिका म्हणून ओळखतो. झाडांवर इतक्या मायेनं लिहिणाऱ्या या डॉक्टर औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या, शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या रुग्णांचे दोन गट करून त्यांच्या चमूनं एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत गुळवेलीचा अर्क दिला. १९९३ मध्ये निष्कर्ष छापून आले. गुळवेल घेतलेल्या गटात रक्तात जंतुसंसर्ग पसरण्याचं प्रमाण कमी होतं आणि शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचं प्रमाण जास्त. रुग्ण थोडे होते, मोठा अभ्यास व्हायला हवा होता, पण काम पद्धतशीर होतं. आज गुळवेलीची बाजू घेणारे याच अभ्यासाचा दाखला देतात: पाहा, कावीळ झालेल्यांनाही गुळवेलीनं फायदा झाला. दाखला द्यावा, जरूर द्यावा. पण ज्या पद्धतीनं १९९३ मध्ये गुळवेलीचा फायदा दिसला, त्याच शिस्तीच्या पद्धतीनं २०१३ मध्ये एसजीपीटी वाढलेलं दिसलं. पहिला निष्कर्ष आपला आणि दुसरा परका, हे कसं? रुग्णालयात सर्जनच्या नजरेखाली, शस्त्रक्रियेपूर्वीच्या ठरावीक दिवसांत दिलेला मोजका अर्क वेगळा, आणि घरी महिनोन्महिने मनाला येईल तेवढा प्यालेला रस वेगळा, हा फरकही ते सांगत नाहीत.

वैद्यमंडळींचा एक आक्षेप मला जास्त आदरानं घ्यावासा वाटतो. आयुर्वेदात औषध प्रकृती पाहून दिलं जातं, दोन माणसांना एकच औषध नसतं, म्हणून सगळ्यांना एकच गोळी देऊन केलेली चाचणी आम्हाला लागू नाही, असं ते म्हणतात. यात तथ्य आहे. पण याचं उत्तरही भारतातच दिलं गेलं आहे. कोइंबतूरमध्ये आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, ४३ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. वैद्यांनी प्रत्येक रुग्ण तपासून त्याच्या प्रकृतीप्रमाणे औषधं ठरवली, अगदी ग्रंथोक्त पद्धतीनं. एका गटाला ती आणि आमवातावरच्या प्रचलित औषधाचं, म्हणजे मेथोट्रेक्सेटचं, खोटं रूप, दुसऱ्याला खोटी आयुर्वेदिक औषधं आणि खरं मेथोट्रेक्सेट, तिसऱ्याला दोन्ही खरी. कुणाला खरं काय मिळतंय हे वैद्यालाही माहीत नव्हतं. तिन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखी दिसली. अभ्यास लहान होता, पण वैयक्तिक चिकित्सेची चाचणी होऊ शकत नाही हा दावा त्यानं निकालात काढला. मग ती वारंवार का होत नाही?

ग्रंथात आहे म्हणून सिद्ध आहे, या युक्तिवादाला हळदीच्या पेटंटमुळे फार बळ मिळालं असं मला वाटतं. जखम भरायला हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपण जुने दस्तऐवज मांडून जिंकलो, अभिमान वाटावा असाच तो लढा होता. पण त्या लढ्यात प्रश्न होता हा उपयोग नवीन आहे की जुना, आणि त्याला जुनं लिखाण हाच योग्य पुरावा होता. हळदीनं जखम किती दिवसांत भरते, कुणाची भरते, कुणाची नाही, हा प्रश्न तिथे कुणी विचारलाच नव्हता. त्याचं उत्तर पोथीत शोधता येत नाही. तरीही आपल्या नियमांप्रमाणे ग्रंथातलं औषध ग्रंथात सांगितल्याप्रमाणे बनवून त्याच व्याधीसाठी विकायचं असेल तर परवान्यासाठी सुरक्षिततेची नवी चाचणी मागितली जात नाही.

लोकानुभव किती मोलाचा आणि किती फसवा असू शकतो, हे सदाफुलीकडे पाहून कळतं. आपल्या दारोदारी फुलणारी ही वनस्पती मूळची मादागास्करची. मधुमेहावर तिचा पाला चालतो असं जमैकापासून आपल्यापर्यंत अनेक ठिकाणी मानलं जायचं. कॅनडात १९५० च्या दशकात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी हाच दावा तपासायला घेतला. प्राण्यांच्या साखरेवर काही विशेष परिणाम दिसला नाही, पण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटल्या. त्यातून विनब्लास्टिन हाती लागलं. याच वनस्पतीतून पुढे मिळालेलं विनक्रिस्टिन आजही रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना वाचवतं. लोकांनी बोट बरोबर झाडाकडे दाखवलं होतं, रोग मात्र दुसराच निघाला. जे डॉक्टर काढा म्हटलं की नाक मुरडतात, त्यांच्या रुग्णालयातल्या या बाटल्या सदाफुलीच्या आहेत, हे त्यांनीही ध्यानात ठेवावं. लोकांचा अनुभव हसण्यावारी नेण्याची वृत्ती मला तितकीच त्याज्य वाटते. आणि आजही महाराष्ट्रात मधुमेही माणसं सकाळी उठून सदाफुलीची पानं चावतात. पांढऱ्या पेशी मारणारी द्रव्यं ज्या पानांत आहेत, ती साखरेच्या आशेनं रोज खाल्ली जातात. तो पाला चावणाऱ्याला हे कुणी सांगायचं? परंपरेला प्रश्न विचारू नये म्हणणाऱ्यांच्या हिशेबात हा माणूस कुठेच नाही.

शेवटचा आक्षेप पैशांचा. वनस्पतीचं पेटंट मिळत नाही, मग चाचणीचा खर्च कोण करणार? हा प्रश्न खरा आहे, आणि म्हणूनच तो खर्च सरकारनं करायचा असतो. तो होतो तेव्हा उत्तरं मिळतात. आयुष-६४ हे सरकारी संस्थेनं मलेरियासाठी तयार केलेलं वनौषधींचं मिश्रण. व्हायवॅक्स मलेरियात त्याची क्लोरोक्विनशी तुलना २००० साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. क्लोरोक्विन घेतलेले सगळे बरे झाले, आयुष-६४ घेतलेल्यांपैकी निम्म्याहून कमी. निष्कर्ष प्रतिकूल होता, तरी छापला गेला. याच मलेरियावर चीनमधल्या तू योयो यांनी चौथ्या शतकातल्या ग्रंथातलं एक टिपण वाचून, अर्क काढताना उष्णता टाळून आर्टेमिसिनिन मिळवलं आणि २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवलं. त्यांनी ग्रंथ वाचला आणि मग प्रयोगशाळा गाठली.

केईएममधलं काम महापालिकेच्या रुग्णालयात झालं. एसजीपीटीची तपासणी आज तालुक्याच्या गावी होते. आयुष औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीसाठी २०१८ पासून स्वतंत्र व्यवस्था आहे. तिच्याकडे गावातला वैद्य आणि शहरातला यकृततज्ज्ञ दोघांनीही रुग्ण कळवले, आणि कळवणाऱ्याला कुणी शत्रू मानलं नाही, तर गुळवेलीबद्दलचा अर्धा वाद काही वर्षांत मिटेल. तोवर निदान रसाच्या प्रत्येक बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कांड वापरलं की पानं, दिवसाची मात्रा आणि किती दिवस घ्यायची हे छापलं जावं. सोबत ठळक अक्षरांत एवढं: यकृताचा, थायरॉइडचा किंवा इतर ऑटोइम्यून आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर लगेच थांबवा आणि रक्त तपासून घ्या.